इतकुसं जहाज

“जहाज कुठाय?” आईनं विचारलं.

हाम्बुर्गच्या कुन्स्टहालेत आम्ही कास्पार डाविड फ्रीडरिशच्या ‘हिमसमुद्र’ या चित्रासमोर उभे होतो. बाहेर उणे चार. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती आणि आल्यापासून पंधरा दिवस हीटरजवळच्या खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईच्या कुंड्या मोजत होती. शेवटी एका मंगळवारी मी रजा टाकली आणि तिला स्वेटरवर स्वेटर चढवून इथं आणलं. मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं की हे संग्रहालय अगदी हाकेच्या अंतरावर. तेवढंच चालणं तिच्या गुडघ्यांना झेपलं असतं. वाटेत मी मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, आता तुला बर्फात फुटलेलं जहाज दाखवतो.

आई दापोलीजवळच्या मुरुडची. माहेर समुद्रावर, सासरही समुद्रावरच, दोन्ही घरांत मिळून सुरूच्या बनाचं काय ते अंतर. जहाज म्हटल्यावर तिनं साहजिकच चित्राच्या मधोमध पाहिलं. मधोमध नुसता बर्फ आहे. जाड लाद्या एकमेकींवर चढलेल्या, आडव्यातिडव्या, टोकं आभाळाकडे रोखलेली. पुढच्या लाद्या मातकट, गेरूसारख्या. मागच्या निळ्या आणि पांढुरक्या. वर थंड, स्वच्छ आभाळ. माणूस नाही, पक्षी नाही.

“उजवीकडे बघ. त्या ढिगाच्या पलीकडे.”

तिनं चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला, पुढे वाकली. खोलीतली रखवालदार बाई एक पाऊल पुढे आली. मग आईला ते दिसलं: कलंडलेल्या जहाजाचा मागचा भाग, निम्मा बर्फाखाली गेलेला, लाकडाचा काळसर तुकडा असावा तेवढा.

“इतकुसं ठेवलंन होय,” ती म्हणाली. थोडं थांबून, “बरोबरच आहे म्हणा. लांबून इतकुसंच दिसतं.”

सात वर्षं मी या गावात राहतोय. हे चित्र पाचपन्नास वेळा तरी पाहिलं असेन. त्याच्याबद्दल हाताला लागेल ते वाचलंय. पण जहाजाच्या आकाराबद्दल इतकं सरळ बोललेलं मला कुठं आढळलं नव्हतं.

*

या चित्राचं एक जुनं, चुकीचं नाव आहे. बरीच वर्षं लोक याला ‘भंगलेली आशा’ म्हणत. झालं असं, की फ्रीडरिशनं आधी दुसरं एक चित्र काढलं होतं, तेही उत्तरेकडच्या बर्फात फुटलेल्या जहाजाचं. त्या जहाजाचं नाव ‘आशा’. ते चित्र हरवलं आणि त्याचं नाव या चित्राला येऊन चिकटलं. नाव इतकं गोड, इतकं सोयीचं, की कुणाला ते सोडवेना. खरं तर १८२४ मध्ये प्रागच्या प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा त्याच्याखाली लांबलचक, कोरडं वर्णन होतं: ध्रुवाकडच्या समुद्राचं कल्पित दृश्य, साचलेल्या हिमराशी, त्यावर फुटलेलं जहाज. पंचनाम्यात लिहावं तसं. मला ते कोरडं नावच आवडतं. आशा भंगल्याचं एकदा सांगून टाकलं की बघणाऱ्याला करायला उरतं काय?

असाच एक गोड गैरसमज फ्रीडरिशच्या चरित्रालाही चिकटलाय. तो जन्मला १७७४ मध्ये, बाल्टिक समुद्राकाठच्या ग्राइफ्सवाल्ड गावात. ते तेव्हा स्वीडनच्या ताब्यात होतं. बाप साबण आणि मेणबत्त्या करायचा. पोर सहा वर्षांचं असताना आई गेली. पुढच्याच वर्षी एक बहीण. आणि १७८७ च्या डिसेंबरात, कास्पार तेरा वर्षांचा असताना, त्याच्याहून वर्षाने धाकटा भाऊ योहान क्रिस्टोफर त्याला वाचवायला गेला आणि पाण्यात बुडून मेला. कुणी सांगतं, बर्फावर घसरत खेळताना बर्फ फुटला. कुणी सांगतं, होडी उलटली. पण थोरला वाचला आणि धाकटा गेला, इथं सगळ्या गोष्टी एक होतात. चार वर्षांनी आणखी एक बहीण विषमज्वरासारख्या तापात दगावली.

आता यापुढचं वाक्य प्रत्येक गाइडच्या तोंडी असतं: म्हणून त्यानं बर्फ काढला. म्हणजे छत्तीस वर्षं आत गोठून राहिलेला भाऊ एक दिवस कॅनव्हासवर उतरला. मीही पाहुण्यांना हे सांगितलंय. लोकांचे चेहरे लगेच मऊ होतात, चित्र एकदम ‘कळतं’.

हल्ली मला त्याचा राग येतो. मधल्या छत्तीस वर्षांत या माणसानं काय काय काढलं. डोंगरावरचा क्रूस काढला, ओकच्या झाडांतला पडका मठ काढला, र्‍यूगेन बेटाचे खडूसारखे पांढरे कडे काढले, खिडकीत उभी राहिलेली बायको काढली. १८२०-२१ च्या थंडीत एल्बे नदी गोठली आणि बर्फाचे तुकडे काठाला येऊन साचले, तेव्हा काठावर जाऊन त्यांचे तैलरंगात अभ्यास केले. ते छोटे अभ्यासही याच संग्रहालयात आहेत, आणि त्यात शोक वगैरे काही नाही. फुटलेल्या कडेचा रंग कसा असतो, पाणी मुरलेला बर्फ आतून कसा पिवळट दिसतो, याची ती टिपणं आहेत. त्याच सुमारास विल्यम पॅरी या इंग्रज दर्यावर्दीच्या ध्रुवाकडच्या मोहिमेच्या बातम्या युरोपभर वाचल्या जात होत्या. चित्र यातून उभं राहिलं. भाऊ त्यात नसेल असं मी म्हणत नाही. पण दुःख असं हुंडीसारखं वटत नाही, इतक्या वर्षांपूर्वी ठेवलं आणि आज व्याजासकट काढलं.

हे मी आईला सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं की याचा लहान भाऊ बुडाला होता. “अगं बाई,” म्हणाली आणि पुन्हा जहाजाकडे बघू लागली. माझा राग माझ्यापाशी.

*

त्याच काळातलं दुसरं एक जहाज पॅरिसला लूव्रमध्ये आहे. जहाज म्हणजे तराफा. थिओडोर जेरिकोचा ‘मेद्यूसाचा तराफा’, जवळजवळ पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद. फ्रीडरिशचा बर्फ त्यापुढे जेमतेम एक मीटर बाय सव्वा मीटर, म्हणजे आमच्या घरच्या जुन्या पाटाच्या दिवाणापेक्षाही लहान.

‘मेद्यूसा’ हे फ्रेंच जहाज २ जुलै १८१६ रोजी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या मॉरिटानियाजवळ, वाळूत रुतलं. कप्तान कितीतरी वर्षांत समुद्रावर गेलेला नव्हता. राजाच्या मर्जीतला म्हणून नेमलेला. होड्या पुरेनात, म्हणून सुमारे दीडशे माणसं घाईघाईनं बांधलेल्या तराफ्यावर उतरवली, आणि ओढून नेणाऱ्या होड्यांनी दोर सोडून दिला. तेरा दिवसांनी तराफा सापडला तेव्हा पंधरा जण जिवंत होते. मधल्या दिवसांत मारामाऱ्या झाल्या, माणसांनी माणसांचं मांस खाल्लं. जेरिको वाचलेल्यांना भेटला, तराफ्याची छोटी प्रतिकृती करून घेतली, इस्पितळात जाऊन मरणाऱ्यांचे चेहरे रेखाटले, तोडलेले हातपाय स्टुडिओत आणून ठेवले. बाहेर जावंसं वाटू नये म्हणून डोकं भादरून घेतलं असंही सांगतात. १८१९ च्या प्रदर्शनात चित्र लागलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि पुढं पाच वर्षंही जगला नाही.

भरतानं नाट्यशास्त्रात करुण रसाचे अनुभाव, म्हणजे मनातला भाव अंगावर दिसण्याच्या खुणा, दिलेत: अश्रुपात, परिदेवन, मुखशोषण, वैवर्ण्य, स्रस्तगात्रता, निःश्वास, स्मृतिलोप. जेरिकोच्या तराफ्यासमोर उभं राहून ही यादी बोटावर मोजावी. रडणं, विलाप, कोरडं पडलेलं तोंड, उडालेला रंग, गळून पडलेले अवयव. विशेषतः ती स्रस्तगात्रता! डाव्या कोपऱ्यात एक म्हातारा मांडीवर मेलेला तरुण घेऊन बसलाय. बाकीचे सगळे क्षितिजावरच्या जहाजाकडे हात उंचावताहेत आणि तो त्याकडे पाठ करून. पोराचं शरीर असं ओघळलंय की आपल्याच खांद्यातला जोर जावा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रडलो होतो, लाजत लाजत, जपानी प्रवाशांच्या घोळक्यात.

त्या म्हाताऱ्यापुढे आपण बघे असतो. दुःख त्याचं आहे, आपण सहानुभूतीनं त्याच्यात शिरतो. रसचर्चेत ज्याच्या मनात भाव उठतो त्याला आश्रय म्हणतात. जेरिकोच्या चित्रात आश्रय रांगेनं मांडून ठेवलेत. फ्रीडरिशनं चित्रातून आश्रयच उचलून नेलाय. जहाज फुटलं, पण फुटताना बघणारं कुणी नव्हतं. आरडाओरडा झाला असेल तर तो केव्हाच संपला. या बर्फाला रडायला कुणी उरलेलं नाही, समोर उभे आहोत ते आपणच. आणि आपण काय, तिकीट काढून आलेले, कोट काउंटरवर ठेवून.

*

बाबा गेले त्याला आता सव्वा वर्ष झालं. फोन आला तेव्हा इथं रात्रीचे दोन. मिळेल ते विमान धरून, मुंबईहून गाडी करून मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. दहन मी मोबाइलवर पाहिलं, हाम्बुर्गच्या विमानतळावर, चपला-बूट काढायच्या रांगेत. चुलतभावानं फोन धरला होता. त्याचा हात हलत होता. मध्येच माडांचे शेंडे दिसायचे, मध्येच कुणाचं तरी धोतर. मग रेंज गेली आणि चित्र तिथंच थिजलं. पुढं सरकलंच नाही.

घरी पोचल्यावर आईला मिठी मारून रडायचं, असं मी विमानात ठरवून ठेवलं होतं. ती पडवीत आली, म्हणाली, “हातपाय धू आधी.” नंतर दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चहा. ती रडली नाही, निदान माझ्यासमोर तरी. आणि चौदाव्या दिवशी सकाळी उठून बघतो तर माजघराच्या खिडकीतली बाबांची आरामखुर्ची नाही.

“दिली,” आई म्हणाली. वाडीत काम करणाऱ्या गड्याला. काठी, कानटोपी, रेडिओ, सगळं त्याच दिवशी गेलं. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं राहिलं, कारण ते सालभराचं होतं. खुर्चीच्या चार पायांचे चार डाग कोब्यावर उरले होते. मी तिला तोंडानं काही बोललो नाही. पण माझ्या मनात ते बसलं. चाळीस वर्षं ज्या खुर्चीत माणूस बसला ती ठेवायची नाही? चौदा दिवस? परत आल्यावरही फोनवर बोलताना तिच्या मागं तो रिकामा कोपरा दिसायचा आणि मी उगाच तुटक बोलायचो.

*

फ्रीडरिशनं उचलून नेलेल्या गोष्टींची यादी केली तर मोठी होईल. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध बर्लिनला आहे.

‘समुद्राकाठचा भिक्षू’ त्यानं १८०८ ते १८१० या काळात काढलं. पावणेदोन मीटर रुंद कॅनव्हास. खाली वाळूची चिंचोळी पट्टी, वर समुद्राची काळी रेघ, आणि त्यावर चार-पंचमांश चित्रभर आभाळच आभाळ. वाळूवर एक पाठमोरा भिक्षू, बोटाच्या पेराएवढा. बस. त्या काळच्या लोकांना हे चित्र पुरं झालंय असंच वाटेना. गेरहार्ड फोन क्यूगेलगेन हा फ्रीडरिशचा चित्रकार मित्र. त्याची बायको हेलेन १८०९ मध्ये स्टुडिओत हे चित्र बघून आली आणि तिनं मैत्रिणीला पत्रात गाऱ्हाणं मांडलं, की समुद्रावर होडी नाही, जहाज नाही, अगदी एखादा जलराक्षससुद्धा नाही, वाळूत गवताची काडी उगवलेली नाही. मला ही बाई फार आवडते. तिला चित्र कळलं नाही असं म्हणतात. मला वाटतं तिला ते नेमकं टोचलं होतं, फक्त तिनं त्याला उणीव म्हटलं.

कारण जहाजं होती. चित्राची अवरक्त किरणांनी तपासणी झाली तेव्हा रंगाच्या खाली भिक्षूच्या दोन्ही बाजूंना शिडाची जहाजं निघाली. फ्रीडरिशनं ती आधी आखली आणि नंतर बुजवून टाकली. म्हणजे हा रितेपणा आधीपासून ठरलेला नव्हता. त्यानं वस्तू मांडल्या, बघितलं, आणि एकेक काढत गेला. जहाज असतं तर भिक्षू कुणाची तरी वाट बघणारा झाला असता, किंवा कुणाला तरी निरोप देणारा. गोष्ट झाली असती. जहाजं गेली आणि त्याला उभं राहायला काही कारणच उरलं नाही.

चित्र बर्लिनमध्ये लागलं तेव्हा हाइनरिश फोन क्लाइस्ट या लेखकानं आपल्या वर्तमानपत्रात लिहिलं, की हे बघताना कुणी आपल्या पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं. दोनशे वर्षांत या चित्रावर याहून खरं कुणी लिहिलेलं नाही. डोळा मिटायची सोयच नाही. पुढच्या वर्षी क्लाइस्टनं स्वतःवर गोळी झाडून घेतली, पण ते इथं जोडू नये. मघाशी मी गाइडवर चिडलो, तेच पाप होईल.

हेलेनची गोष्ट मात्र पुढं सांगायला हवी. मार्च १८२० मध्ये तिचा नवरा ड्रेस्डेनजवळच्या लोश्विट्झहून घरी परतत असताना वाटेत लुटारूनं त्याचा खून केला. फ्रीडरिशनं मित्रासाठी चित्र काढलं. त्यात खून नाही, मित्र नाही, रडणारी हेलेन नाही. मित्राची कबर आहे, नुसती.

*

कुन्स्टहालेतच गेओर्ग फ्रीडरिश केर्स्टिंगनं १८११ मध्ये काढलेलं एक छोटं चित्र आहे, फ्रीडरिश आपल्या स्टुडिओत काम करताना. तिथं आईला बाकावर बसायला मिळालं म्हणून आम्ही ते बराच वेळ बघितलं. उघड्या भिंती. खिडकीचा खालचा भाग फळीनं बंद, वरून तेवढा उजेड. भिंतीला टांगलेल्या एकदोन पॅलेट आणि पट्ट्या. दणकट बांध्याचा, कल्ल्यांचा माणूस खुर्चीत बसून हात काठीवर टेकवून रंगवतोय. बाकी खोली धुतल्यासारखी.

हेलेनचा मुलगा विल्हेल्म लहानपणी त्या खोलीत जायचा. पुढं म्हातारपणी त्यानं आठवणी लिहिल्या, त्यात ही खोली आहे. चित्र ठेवायची घोडी, खुर्ची, टेबल आणि भिंतीवर एक पट्टी, एवढंच सामान. रंगांची पेटी, जवसाच्या तेलाच्या बाटल्या, रंग पुसायच्या चिंध्या, ज्यावाचून चित्रकाराचं पान हलत नाही, त्याही शेजारच्या खोलीत हाकललेल्या. बाहेरच्या वस्तू आतल्या चित्राला त्रास देतात, असं फ्रीडरिशचं म्हणणं होतं.

“ही खोली रिकामी करून घेतलीन आधी,” मी आईला सांगितलं. तिची भाषा माझ्या तोंडी कधी आली कळलं नाही.

“मग? पसाऱ्यात काय सुचतं?” आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं नाही. केर्स्टिंगच्या चित्रातल्या त्या फळी लावलेल्या खिडकीकडे बघत राहिलो.

फ्रीडरिश तैलरंगांकडे उशिरा वळला, तिशी उलटल्यावर. त्याआधी तो तपकिरी शाईत, सेपियात काम करायचा आणि त्यात त्याचं नावही झालेलं होतं. तैलरंग हाताशी आल्यावरही त्यानं रंगाचा जाड थर कधी चोपडला नाही. आधी कॅनव्हासवर पेन्सिलीनं आणि बोरूनं बारीक रेखाटन, मग त्यावर पातळ, पारदर्शक थर, एक वाळला की दुसरा. कुंचल्याचा फटकारा दिसता कामा नये. जवळ गेलं तरी हाताची खूण सापडत नाही. इथंही त्यानं स्वतःला पुसूनच घेतलंय. उजेड त्या थरांतून आत जातो आणि खालच्या पांढऱ्यावरून परत येतो, म्हणून आभाळ रंगवल्यासारखं दिसत नाही, आतून उजळल्यासारखं दिसतं.

जेरिकोची गत उलटी. त्यानं सावल्यांना खोली यावी म्हणून डांबराच्या जातीचा काळा रंग वापरला. लावताना तो मखमलीसारखा दिसतो, पण धड वाळत म्हणून नाही. वर्षांमागून वर्षं आतल्या आत सरकत राहतो, आकसतो, आजूबाजूचं काळवंडून टाकतो. लूव्रमधला तराफा दर पिढीला थोडा अधिक काळा दिसतो. सतत बोलून दाखवलेल्या दुःखाचं आणि या रंगाचं काही नातं असेल का, असा विचार मनात येऊन गेला. लगेच लाज वाटली. आमच्या घराण्याला न बोलण्याचा फाजील अभिमान आहे, त्यातलंच हे.

*

जाता जाता आईला ‘धुक्याच्या समुद्रावरचा वाटसरू’ही दाखवला. तो न दाखवून कसं चालेल. पुस्तकांची मुखपृष्ठं, मोबाइलची कव्हरं, जिकडेतिकडे तोच. कड्यावर उभा, हिरवा कोट, हातात काठी, आपल्याकडे पाठ. आईनं त्याला दोन क्षण दिले. “हा फोटो काढून घ्यायला उभा राहिलाय,” म्हणाली. मला वाटतं हे थोडं अन्यायाचं आहे. पण थोडंच.

त्यापेक्षा ती थांबली एका अंधाऱ्या चित्रापाशी, ‘चांदण्यातला समुद्रकिनारा’. १८३५ च्या जूनमध्ये फ्रीडरिशला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर तैलरंग जवळजवळ सुटलेच, हात थकायचा, म्हणून परत कागदावर आणि सेपियावर आला. हे त्या दिवसांतलं, त्याच्या मोठ्या तैलचित्रांतलं शेवटचं. काळी वाळू, काळे दगड, ढगांआडून चंद्र, आणि पाण्यावर शिडाची जहाजं. आई म्हणाली, भरती लागली वाटतं. मी विचारलं कशावरून. तिला सांगता येईना. “दिसतंय की,” म्हणाली.

‘हिमसमुद्र’ त्याच्या हयातीत विकलं गेलं नाही. १८२४ पासून ते त्याच्याकडेच पडून होतं, एल्बेकाठच्या त्या घरात, जिथं त्याच इमारतीत नॉर्वेचा चित्रकार योहान क्रिश्चियन डाल शेजारी राहायचा. लोकांना आता इटलीचं ऊन हवं होतं. १८३४ मध्ये डाविड दांजेर हा फ्रेंच शिल्पकार भेटीला आला आणि म्हणाला, या माणसानं निसर्गदृश्यातली शोकांतिका शोधून काढली. पण कौतुकानं चूल पेटत नाही. १८४० मध्ये फ्रीडरिश गेला तेव्हा घरात बायको कारोलिन, मुलं आणि न विकलेली चित्रं होती. हे चित्र डालकडे गेलं. कुन्स्टहालेनं ते १९०५ मध्ये घेतलं. पुढच्या वर्षी बर्लिनला शतकभराच्या जर्मन चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि मग कुठं लोकांना या माणसाची आठवण झाली. न विकलेलं चित्र भिंतीला लावून माणसं जेवत असतील, भांडत असतील, झोपत असतील. सोळा वर्षं. त्या घरातल्या पोरांना जहाज कुठाय ते शोधावं लागत नसणार.

*

रात्री आईनं दुधाला विरजण लावलं. इथल्या थंडीत दही लागत नाही म्हणून ती भांडं टॉवेलात गुंडाळून हीटरवर ठेवते आणि मग दर अर्ध्या तासानं त्याच्याकडे बघते, तान्ह्या पोराकडे बघावं तसं. मी भांडी घासत होतो.

“तो बर्लिनचा म्हणालास तो,” तिनं मध्येच विचारलं, “भिक्षूवाला. त्यानं ती जहाजं पुसलीन कशाला?”

संग्रहालयात बाकावर बसलो होतो तेव्हा मी फोनवर तिला ते चित्र दाखवलं होतं. तिचं लक्ष नव्हतं असं मला वाटलं होतं.

“ती नसली की जास्त...” मी सुरुवात केली आणि शब्द सापडेना. एकटेपण म्हणावं तर ते नाही. करुण म्हणावं तर तेही नाही. “ठाऊक नाही,” म्हणालो.

“सारखं तिकडे लक्ष जात असेल,” आई म्हणाली.

नळ चालू होता. मी तो बंद केला.

“खुर्चीचं तसंच झालेलं,” ती म्हणाली. “स्वयंपाकघरातनं बाहेर आलं की आधी तिकडे. चहा दोन कप टाकायची. चार दिवस सारखी दोन कप टाकत होते. तुला सांगितलं नाही, तू आधीच एवढासा झालेलास.”

ती टॉवेल सोडून भांड्याला हात लावून बघत होती, पुरेसं ऊबदार आहे का.

“पण पुसलीन म्हणजे वरनं रंग लावलान ना? खरवडून नाही ना काढलीन?”

“नाही. वरून रंग.”

“मग खाली आहेत ती अजून.”

“आहेत. यंत्रानं बघितलं तर दिसतात.”

“हं,” आई म्हणाली, आणि टॉवेल पुन्हा घट्ट गुंडाळला. “हे सकाळपर्यंत हलवू नकोस हं. मागल्या वेळी तू हलवलंस आणि पाणी सुटलं.”